डेक की पॅटिओ?
आजचा दिवस घरामागच्या जागेत टेप घेऊन फिरण्यात गेला. तिथे डेक (खांबांवर उभारलेला लाकडी ओटा) करायचा की पॅटिओ (जमिनीवर फरशी घालून केलेली बसायची जागा), यावरून घरात सरळ दोन पक्ष पडलेत. मला लाकूड आवडतं, पण दर दोन-तीन वर्षांनी ते घासून सीलर (लाकडात पाणी मुरू न देणारा लेप) मारणार कोण? (मीच, हे सगळ्यांनी गृहीत धरलंय.) दुपारी दोरी ताणून लेव्हल बघितली, तर भिंतीपासून कुंपणापर्यंत जमीन चांगली दोन फूट खाली! फरशी घालायची तर भराव, धुम्मस, आधाराची भिंत, शिवाय पाणी घराकडे वळू नये म्हणून फुटाला पाव इंच उतार. डेकचं तसं नाही, खांब कमी-जास्त उंचीचे केले की झालं. जागा सपाट असती तर डोळे झाकून फरशीच म्हटलं असतं. आता सुताराला फोन लावतोय. पॅटिओ पक्ष अजून फुगून बसलाय.