काडीपैलवान आणि नळाचं पाणी

आमच्या गल्लीत नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि येतं ते पण रात्री दोन-अडीचला, त्यामुळे त्या रात्री घरातल्या कुणीतरी जागं राहायचं असं ठरलेलं आहे आणि ते कुणीतरी म्हणजे मीच. तसंही सोलापूरच्या मे महिन्यात झोप कुणाला लागते, रात्री बाराला फरशीवर पाणी मारलं तरी ती तव्यासारखी. तर अशाच एका रात्री भाच्याने माझ्या मोबाईलमध्ये एक फुकटातली गेम टाकून दिली. स्नायपरची, म्हणजे लपून बसून लांबनं नेम धरणाऱ्या बंदूकवाल्याची. माणसं सगळी काड्यांची, एक गोल डोकं, एक उभी रेघ, हातापायाच्या चार रेघा, झाला माणूस. आपल्याकडे याला काडीपैलवान म्हणतात (शाळेत मलाच म्हणायचे, ते असो).

मला वाटलं धडाधड गोळ्या मारायच्या असतील. समोर दिसला त्याला उडवला, लगेच शेजारचा बोंबलला, अलार्म वाजला, खेळ खल्लास, आणि वरून तीस सेकंद जाहिरात. भाचा बाजूला आडवा पडलेला, म्हणतो, "मामा, घाई करू नका की ओ. आधी बघा कोण कुणाला दिसतंय." सगळी गोम इथंच आहे. गच्चीवरच्याकडं कुणाचं लक्ष नसतं म्हणून तो आधी, मग खिडकीतला, पण तो आत वळल्यावरच, नाहीतर खाली पडला की दारातल्याला दिसणार. तीन गोळ्यांचं काम, पण त्याच्याआधी दहा मिनिटं नुसतं दुर्बिणीतून बघत बसायचं. त्यातला एक पहारेवाला डावीकडं सात पावलं जातो, थांबतो, परत येतो. त्याला तोंडसुद्धा काढलेलं नाही, पण तो सातव्या पावलाला तंबाखू मळत असणार हे मला पक्कं माहितीये. इतकी ओळख झाल्यावर त्याला मारताना वाईट वाटतं म्हणावं तर तसं काही वाटत नाही, खोटं कशाला बोलू.

वारा असेल तर नेम थोडा बाजूला धरायचा, लांबचा असेल तर जरा वर, हे मला भाच्याने शिकवायची गरज पडली नाही. ते गड्ड्यात, म्हणजे आमच्या सोलापूरच्या जत्रेत शिकलोय. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत होम मैदानावर फुगे फोडायची छऱ्याची बंदूक असायची, तिची नळी हमखास वाकडी. आप्पा सांगायचे, पहिला छर्रा फुग्यासाठी नाही बे, तो कुठं जातोय ते बघण्यासाठी. तो दोन बोटं उजवीकडं गेला की पुढचा नेम दोन बोटं डावीकडं. स्टॉलवाला आप्पांना बघून तोंड वाकडं करायचा.

काड्यांची माणसं मी याआधी पण बघितलेली, नव्या पेठेतल्या सायबर कॅफेत. तेव्हा इंटरनेट म्हणजे बैलगाडी, पण फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या या गेम नुसत्या रेघांच्या, वजनाला हलक्या, म्हणून त्या तरी लवकर उघडायच्या. एकटा पोरगा घरी बसून सगळी गेम काढू शकायचा, कारण चेहरे, कपडे, केस काही काढायचंच नाही. ते फ्लॅश 31 डिसेंबर 2020 ला बंद झालं, काड्या मात्र उड्या मारून मोबाईलमध्ये आल्या.

आणि स्नायपर हा शब्द आपल्याच देशात जन्मला हे माहितीये का? स्नाइप म्हणजे आपला पाणलावा, थंडीत पाणथळ जागी येणारा, चिखलाच्या रंगाचा पक्षी. पायाखाली येईपर्यंत दिसत नाही आणि उडाला की वाकडातिकडा उडतो. 1770 च्या दशकात इथले इंग्रज सोल्जर त्याची शिकार करायचे, तो ज्याला टिपता येतो तो खरा नेमबाज, त्यातनं हा शब्द आला. म्हणजे नाव पडलं ते लपणाऱ्या पक्ष्यावरनं आणि मिळालं मारणाऱ्याला! मला तरी हे पाणलाव्यावर अन्यायाचं वाटतं. हिप्परग्याच्या तलावाकडं थंडीत दुर्बीण घेऊन जाणारे लोक बघितलेत मी, तेही तासन्‌तास गप बसलेले असतात, फक्त त्यांच्याकडं गोळी नसते.

परवा रात्री चौदाव्या लेव्हलला होतो. शेवटची गोळी, शेवटचा पहारेवाला, त्याचं पाचवं पाऊल पडलं, सहावं पडलं, मी श्वास धरून बसलो (गेममध्ये खरंच श्वास धरायचं बटण आहे, पण मी स्वतःचाही धरतो), आणि अंगणातला नळ फुसफुसला. आधी हवा येते, मग लाल पाणी, मग चांगलं. तेवढ्यात पलीकडच्या घरातनं मोटरीची बारीक घरघर सुरू झाली, दिवा न लावता, पावलाचा आवाज न करता. हा माणूस मला दिवसभर दिसत नाही, पण माझ्याआधी नळाला मोटर याचीच लागलेली असते.

"अहो, आलं का?" आतनं आवाज.

मोबाईल फरशीवर टाकला आणि पाईप घेऊन पळालो. मागं अलार्म वाजत होता.