पत्त्यातली नागमोडी रेघ

सकाळी साडेनऊला पतसंस्थेच्या शाखेतून फोन आला. "मॅडम, रात्री सभासदांना मेल गेलेत, पण लिंक उघडत नाही. पत्त्याच्या सुरुवातीला एक नागमोडी रेघ आहे, मग तिरकी." पुढचं ऐकायची गरजच नव्हती.

मुदत ठेव संपत आली की आमचा प्रोग्रॅम सभासदाला मेल पाठवतो, त्यात नूतनीकरणाच्या अर्जाची लिंक असते. आधी कर्मचारी स्क्रीनवरचं बटण दाबून हे मेल पाठवायचे. मी ते काम रात्री आपोआप चालणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये हलवलं आणि पेजमधली रिझॉल्व्ह-यूआरएलची, म्हणजे '~/' चा खरा पत्ता करून देणारी, ओळ मागेच राहिली. '~/' ही एएसपी डॉट नेटची (मायक्रोसॉफ्टची वेबसाइट बांधायची चौकट) आपली घरातली खूण आहे: "अ‍ॅप्लिकेशनचं मूळ". घराबाहेर, म्हणजे ब्राउझरला किंवा मेलला, तिचा काही अर्थ नाही.

पेज हाताशी नसेल तर त्याच कामाचं तयार फंक्शन, व्हर्च्युअल-पाथ-युटिलिटीचं टू-अ‍ॅब्सोल्यूट वापरा, असं सगळे सांगतात. वेबसाइटच्या आत चालणाऱ्या क्लास लायब्ररीत (पेजबाहेर ठेवलेल्या कोडमध्ये) ते चालतंही. फक्त पत्त्यात प्रश्नचिन्ह आलं की "हा व्हर्च्युअल पाथ वैध नाही" म्हणून एक्सेप्शन, म्हणजे चूक, फेकतं, त्यामुळे प्रश्नचिन्हापासून पुढचा भाग आधी तोडून ठेवायचा आणि नंतर जोडायचा. पण आमचा रात्रीचा प्रोग्रॅम आयआयएसमध्ये, म्हणजे वेबसाइट चालवणाऱ्या सर्व्हरमध्ये, चालतच नाही. अ‍ॅप्लिकेशनचं मूळ कुठे आहे हे त्याला कोण सांगणार? आणि सांगितलं तरी हातात येतो '/' पासूनचा तुकडा. मेलला डोमेनसकट अख्खा पत्ता लागतो.

डोमेन ब्राउझरकडून आलेल्या चालू रिक्वेस्टमधून घ्यावं, तर रात्री एकला रिक्वेस्ट नसते. दिवसाही मी ते घेऊ देणार नाही. रिक्वेस्टमध्ये डोमेन सांगणारी ओळ, होस्ट हेडर, समोरचा पाठवतो, तो हवं ते लिहू शकतो. त्याच्यावर विश्वास ठेवून पासवर्ड बदलायची लिंक बनवली, तर सभासदाचं टोकन (त्या लिंकमधली गुप्त किल्ली) परक्या डोमेनवर जाऊ शकतं. लोकांच्या ठेवी आहेत तिथे.

म्हणून मूळ पत्ता कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, लिहिला आणि जोडायचं काम पत्ते हाताळणाऱ्या तयार यूआरआय क्लासला दिलं. इथेही तासभर गेला. मूळ पत्ता '…/सभासद' असा संपत होता, त्याला 'अर्ज' जोडला, तर आलं '…/अर्ज'. मधला 'सभासद' गायब! हा बग नाही. जानेवारी 2005 च्या आरएफसी 3986 मध्ये, म्हणजे वेबपत्त्यांच्या मानकात, नियमच तसा आहे: मूळ पत्त्यातल्या शेवटच्या तिरक्या रेघेनंतरचं सगळं टाकून द्यायचं आणि नवं तिथे लावायचं. '…/सभासद/' लिहिलं की बरोबर जुळतं. आणि 'अर्ज'च्या आधी तिरकी रेघ दिली, तर थेट डोमेनच्या मुळापासून सुरुवात होते, 'सभासद' पुन्हा गळतो.

आता मेल बनवणाऱ्या क्लासला कन्स्ट्रक्टरमध्येच, म्हणजे तो तयार होतानाच, मूळ पत्ता द्यावा लागतो. त्याच्या शेवटी तिरकी रेघ नसेल तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही.

दुपारी दुरुस्त मेल पुन्हा पाठवले, वर दिलगिरीची एक ओळ. सहाच्या सुमारास शाखेतून परत फोन: "मॅडम, दोन अर्ज आलेत."