कळण्याच्या भाकरीवर पोच्ड अंडे आणि हॉलंडेज

पाण्यात अलगद शिजवलेले पोच्ड अंडे आणि त्यावर लोणी व बलकाचा कोमट हॉलंडेज सॉस, हा रविवारच्या उशिराच्या न्याहारीचा पदार्थ खान्देशात करायचा असेल तर तो हिवाळ्यात करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळ भागात तापमान ४४-४५ अंशांवर जाते आणि दुकानाच्या पायरीवर ट्रेमध्ये रचून ठेवलेले अंडे वरून जसेच्या तसे दिसत असले तरी आतून झपाट्याने शिळे होत असते. भुर्जीला ते चालून जाते, उकडून रश्श्यात टाकले तरी कुणाच्या लक्षात येत नाही. पोचिंगमध्ये मात्र अंड्याचे वय लपत नाही.

यामागचे कारण समजून घेतले की अर्धे काम झाले. अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांतून आतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू बाहेर पडत राहतो. तो जसजसा कमी होतो तसतसा पांढरा भाग अधिक अल्कधर्मी होतो, आणि बलकाभोवती घट्ट धरून बसलेला दाटसर पांढरा थर सैल पडून पातळ होऊ लागतो. उष्णतेत ही क्रिया वेगाने घडते, फ्रिजमध्ये ती मंदावते. असे अंडे गरम पाण्यात सोडले की त्याचा पांढरा भाग सुतासारखा पसरतो, बलक जवळजवळ उघडा पडतो आणि पाणी गढूळ होते. अशा वेळी पाण्यात भोवरा करण्याच्या युक्तीचा दोष काढण्यात अर्थ नसतो, कारण अंडेच जुने असते. भांडेभर थंड पाण्यात अंडे सोडून पाहावे: ताजे अंडे तळाशी आडवे पडते, थोडे जुने झालेले उभे राहू लागते, आणि तरंगणारे अंडे कशालाच वापरू नये.

गावरान अंड्यांविषयीही येथेच बोलले पाहिजे. आठवडे बाजारात ती जास्त दराने विकली जातात आणि त्यांचा केशरी बलक पाहून आपण हरखून जातो. पण बलकाचा रंग हा मुख्यतः कोंबडीने काय खाल्ले यावर ठरतो, ताजेपणावर नव्हे. मोजक्या कोंबड्यांची अंडी आठवडाभर साठवून मग बाजारात आणली जातात, त्यामुळे पाटीतले कोणते अंडे कालचे आणि कोणते आठ दिवसांपूर्वीचे हे विकणाऱ्या मावशींनाही सांगता येत नाही. पोचिंगसाठी मी फार्मवरून थेट माल आणणाऱ्या दुकानदाराकडून, गाडी कोणत्या दिवशी येते हे विचारून, साधी पांढरी अंडी घेते आणि घरी आणताच फ्रिजमध्ये ठेवते. गावरान अंडी रश्श्यासाठी.

रश्श्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट नोंदवते. अंडे फोडून थेट उकळत्या रश्श्यात सोडण्याची पद्धत आपल्या घरांतून जुनीच आहे. काळ्या मसाल्याचा, वाटलेल्या कांदा-खोबऱ्याचा दाट रस्सा अंड्याला चारी बाजूंनी सावरून धरतो, म्हणून ते तेथे फारसे विस्कटत नाही आणि विस्कटले तरी रश्श्यात मिसळून जाते. तेव्हा कवचाविना अंडे शिजवणे आपल्याला परके नाही, फक्त नुसत्या पाण्यात तो आधार नसतो आणि आचेचा अंदाज अधिक काटेकोर ठेवावा लागतो.

पसरट पातेल्यात तीन-चार इंच पाणी तापवावे. तळाशी बारीक बुडबुडे धरले आहेत, अधूनमधून एखादा वर येतो आहे, पण पाणी खळखळत नाही, अशा अवस्थेला, म्हणजे साधारण ८५ ते ९० अंशांवर, आच मंद करावी. अंडे आधी वाटीत फोडावे आणि मग बारीक जाळीच्या स्टीलच्या गाळणीत, चहाची मोठी गाळणीही चालते, अलगद ओतून क्षणभर थांबावे. पातळ झालेला पांढरा भाग खाली गळून जातो आणि दाट भाग बलकासह वर राहतो. गाळणी पाण्यात टेकवून अंडे हळूच पाण्यात सोडले की ते गोळा होऊन राहते. तीन ते साडेतीन मिनिटांत पांढरा भाग धरतो आणि बलक आत वाहता राहतो. बाहेर काढण्यासाठी पुऱ्यांचा झारा सर्वांत चांगला; झाऱ्यावरच क्षणभर घडी केलेल्या सुती फडक्याला टेकवून पाणी निथळू द्यावे, नाहीतर खालची भाकरी ओली होते.

वेळ इतकी नेमकी का, याचे उत्तर अंड्याच्या प्रथिनांत आहे. पांढरा भाग साधारण ६२-६३ अंशांपासून धरू लागतो, परंतु त्यातले सर्वांत मुबलक प्रथिन ८० अंशांच्या आसपास गेल्याशिवाय नीट घट्ट होत नाही. बलक मात्र ६५ अंशांना दाट होऊ लागतो आणि ७० अंशांना आळतो. म्हणजे बाहेरच्या भागाला जास्त उष्णता हवी आणि आतल्याला कमी. ही तफावत साधते केवळ थोडा वेळ गरम पाण्यात ठेवल्यामुळे. पाण्यात व्हिनेगर घालण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो. आंबटपणामुळे पांढरा भाग लवकर धरतो हे खरे, पण त्याने अंड्याचा पृष्ठभाग खरखरीत होतो आणि चवीला एक उगाचचा आंबटपणा येतो. अंडे ताजे असेल आणि गाळून घेतले असेल तर मी व्हिनेगर घालत नाही. अंडे उन्हाळ्यातले असेल तर लिटरभर पाण्याला चमचाभर घालावे आणि फार अपेक्षा ठेवू नये.

घरात अधिक माणसे असतील तर अंडी आदल्या रात्री पोच करून थंड पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवता येतात. सकाळी हाताला चटका बसेल इतक्या गरम, पण न उकळणाऱ्या पाण्यात ती मिनिटभर ठेवली की पुन्हा गरम होतात आणि बलक वाहताच राहतो.

वाहत्या बलकावर आमच्या सासूबाईंचा आक्षेप ठरलेला असतो. ताटलीकडे पाहून त्या म्हणतात, “हाई कच्चंच शे,” आणि त्यात तथ्यही आहे. साल्मोनेलासारख्या जिवाणूंचा धोका अर्धवट शिजलेल्या अंड्यात राहतो. शिवाय खान्देशाला आणखी एक आठवण आहे. भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर येथे, तिथल्या पोल्ट्री फार्मवर, आढळला होता आणि २०२१ मध्ये तो रोग तेथे पुन्हा आला. त्या काळात अंडी पूर्ण शिजवूनच खावीत असे सांगितले जात होते, आणि अशी बातमी असेल तेव्हा हा पदार्थ करूच नये. एरवीही लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि आजारी माणसे यांच्यासाठी अंडे सहा मिनिटे पाण्यात ठेवून बलक पूर्ण आळू द्यावा आणि त्यांच्या ताटलीत हॉलंडेजऐवजी पुढे सांगितलेले लसणीचे दही वाढावे, कारण हॉलंडेजमधला बलकही पुरता शिजलेला नसतो. सासूबाईंना मी तसेच देते.

आता हॉलंडेज. नावात हॉलंड असले तरी हा सॉस फ्रेंच स्वयंपाकघरातला, आणि त्यातले साहित्य इतके थोडे आहे की त्याच्या अवघडपणाची ख्याती पाहून नवल वाटावे. दोन बलक, चमचाभर पाणी, चमचाभर लिंबाचा रस, शंभर ग्रॅम लोणी आणि चिमूटभर तिखट. बाजारात मिळणारे पिवळे बटर खारवलेले असते, त्यामुळे ते वापरल्यास मीठ घालू नये. घरच्या सायीचे लोणी अधिक चवदार, परंतु त्यात ताकाचा अंश व पाणी राहते, म्हणून ते मंद आचेवर वितळवून वरचा फेस काढावा आणि खाली बसलेला पांढरा गाळ मागे ठेवून वरचे पिवळसर द्रव तेवढे घ्यावे. ते कढवत जाऊन रवाळ तूप होऊ देऊ नये. साजूक तुपाने सॉस जमतो, याविषयी शंका नाही, पण कढवलेल्या तुपाचा खमंग वास अंडे आणि लिंबू दोघांनाही झाकून टाकतो. आपल्याकडे दूध बहुतेक म्हशीचे, लोणी पांढरेशुभ्र. तेव्हा सॉसचा पिवळेपणा केवळ बलकातून येतो आणि तो परदेशी छायाचित्रांतल्यापेक्षा फिका दिसला तर काही बिघडलेले नाही.

स्टीलच्या वाडग्यात बलक, पाणी आणि लिंबाच्या रसातला निम्मा रस एकत्र करावा. ॲल्युमिनियमचे भांडे नको, आंबटपणामुळे सॉसला करडी झाक येते. वाडगा वाफाळत्या पाण्याच्या पातेल्यावर असा बसवावा की त्याचा तळ पाण्याला टेकणार नाही, आणि तारेच्या व्हिस्कने सतत फेटत राहावे. काही मिनिटांत मिश्रण फिकट, फुगलेले आणि दाट होते आणि व्हिस्कची रेघ त्यावर क्षणभर टिकते. येथे वाडगा खाली उतरवावा. ७० अंशांच्या पुढे बलक गेला की त्याची भुर्जी होते आणि ती परत वळवता येत नाही; लिंबू आधीच घातल्याने बलकाची उष्णता सोसण्याची ताकद थोडी वाढते, म्हणून मी अर्धा रस सुरुवातीलाच घालते. वाडगा वारंवार उतरवून पुन्हा ठेवण्यात कमीपणा काहीच नाही. पातळ स्टील चटकन तापते आणि हाताला वाडगा धरवत नसेल तर बलकालाही तो सोसत नाही.

त्यानंतर कोमट, वितळलेले लोणी आधी थेंबाथेंबाने आणि सॉस दाटू लागल्यावर बारीक धारेने सोडावे. बलकातले लेसिथिन आणि प्रथिने लोण्याच्या प्रत्येक बारीक थेंबाभोवती आवरण धरतात आणि म्हणून तेलकट पदार्थ पाण्यात मिसळून राहतो. लोणी घाईने ओतले, किंवा मिश्रणात पाण्याचा अंश फार कमी पडला, तर हे थेंब एकमेकांत मिसळून तेल वेगळे तरंगू लागते. गाळून घेतलेल्या लोण्यात पाणी जवळजवळ नसते, त्यामुळे सॉस फार घट्ट होतो आहे असे वाटताच चमचाभर गरम पाणी घालावे. सॉस फुटलाच तर दुसऱ्या वाडग्यात एक नवा बलक आणि चमचाभर पाणी वाफेवर फेटून त्यात फुटलेला सॉस थेंबाथेंबाने मिसळावा, तो पुन्हा जुळून येतो. शेवटी उरलेले लिंबू आणि तिखट.

मिक्सरमध्ये हॉलंडेज एका मिनिटात होतो, असे सांगणाऱ्यांनी आपले मिक्सर पाहिलेले नसावेत. चटणीच्या भांड्याच्या झाकणाला लोणी ओतायला छिद्र नसते, आणि ज्या मोठ्या भांड्याच्या झाकणाला ते असते त्यात दोन बलक पात्यांच्या खालीच पडून राहतात. उभ्या अरुंद पेल्यात हँड ब्लेंडर घालून मात्र काम चांगले होते. त्यासाठी लोणी चांगले गरम असावे लागते, कारण बलकाला उष्णता तेवढ्यातूनच मिळते. वीज गेली तर व्हिस्क आहेच.

या पदार्थाच्या मूळ रूपात, म्हणजे एग्ज बेनेडिक्टमध्ये, इंग्लिश मफिन या चपट्या गोल पावाच्या अर्ध्या भागावर हॅम, म्हणजे डुकराचे खारवलेले धुरकट मांस, त्यावर अंडे आणि वर हॉलंडेज असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये तो जन्मला, आणि डेल्मोनिकोज हे रेस्टॉरंट व वॉल्डॉर्फ हे हॉटेल या दोन्ही ठिकाणांच्या नावावर त्याची वेगवेगळी कहाणी सांगितली जाते. हॅमच्या जागी पालक घातला की तो फ्लोरेंटिन होतो. आमच्या गावात मफिन मिळत नाहीत आणि बेकरीच्या गोडसर पावावर हा सॉस मला रुचत नाही. त्यामुळे मी खाली कळण्याची भाकरी घेते आणि हॅमच्या जागी भरीत.

हिवाळ्याचा आग्रह धरण्याचे दुसरे कारण हेच. शेतांतून भरिताच्या पंगती बसतात तेव्हा बाजारात ती मोठी, फिकट हिरवी, पातळ सालीची आणि कमी बियांची वांगी येतात; जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचा धुरकट वास हॅमच्या धुरकटपणाची जागा सहज घेतो, किंबहुना मला तो जास्त आवडतो. या ताटलीसाठी भरीत करताना तेल निम्मे करावे, शेंगदाणे अजिबात घालू नयेत आणि हिरवी मिरची, लसूण व कांद्याची पात तेवढी ठेवावी, कारण वर लोण्याचा सॉस येणार असतो. ज्वारी आणि उडदाची कळण्याची भाकरी नेहमीपेक्षा जाड थापून, तिचे हाताएवढे तुकडे तव्यावर कडक भाजून घ्यावेत. मऊ भाकरी सॉस शोषून घेते आणि उचलताना तुटते.

लसणीचे दही ही तुर्कस्तानातल्या चिलबिर नावाच्या पदार्थाची पद्धत आहे. घट्ट दह्यात ठेचलेला लसूण आणि मीठ घालून त्यावर पोच्ड अंडे ठेवतात आणि वितळलेल्या लोण्यात लाल मिरचीची भुकटी परतून वरून सोडतात. दही फ्रिजमधून काढून आधी तासभर बाहेर ठेवावे, नाहीतर अंडे लगेच गार होते. भाकरी याच्याबरोबरही उत्तम लागते, आणि उन्हाळ्यात अंडी खात्रीची मिळाली तर मी हॉलंडेज न करता हेच करते.

वाढण्याचा क्रम असा ठेवावा की भरीत आणि भाकरी आधी तयार असतील, मग सॉस, आणि अंडी सर्वांत शेवटी. तयार सॉसचा वाडगा कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवला तर अर्धा तास चांगला राहतो. थर्मासमध्ये त्याहून थोडा अधिक. उरलेला सॉस मात्र दुपारच्या जेवणासाठी ठेवू नये, कारण कोमट बलक आणि लोणी हे जिवाणूंना हवे तसे ठिकाण आहे आणि पुन्हा तापवला तर तो फुटतोच. मागे राहिलेले दोन पांढरे भाग झाकून फ्रिजमध्ये ठेवावेत, संध्याकाळच्या भुर्जीत ते खपून जातात.