आठव्या ओळीखालची रेघ

नववीत असताना मराठीच्या बाईंनी फळ्यावर एक सुनीत लिहिलं आणि आठव्या ओळीखाली खडूनं आडवी रेघ मारली. "इथं थांबायचं, श्वास घ्यायचा. कविता इथं वळते." मग अख्ख्या वर्गाकडून ते तीनदा मोठ्यानं म्हणून घेतलं. अर्थ त्या दिवशी सांगितलाच नाही. म्हणाल्या, "आधी कानावर पडू दे."

तास संपल्यावर मी विचारलं, सुनीत म्हणजे काय? बाईंनी सांगितलं, की केशवसुतांनी १८९२ मध्ये 'मयूरासन आणि ताजमहाल' लिहून हा प्रकार मराठीत आणला. चौदा ओळींची कविता, म्हणून ते त्याला चतुर्दशक म्हणत. 'सॉनेट'शी उच्चारानं जुळणारं सुनीत हे नाव नंतरचं.

"आणि सॉनेट म्हणजे?"

"ते तू शोध आणि मला येऊन सांग."

शोधायला कॉलेज उजाडलं. इटालियन शब्द सोनेत्तो. त्याच्या मागं दक्षिण फ्रान्सच्या कवींचा 'सोनेत', त्याही मागं लॅटिनमधला 'सोनुस', म्हणजे ध्वनी. आपल्या संस्कृतातला 'स्वन' त्याचंच भावंड! सोनेत्तो म्हणजे इवलासा स्वर, छोटंसं गाणं. बाईंनी आम्हाला कानानं का वाचायला लावलं, ते मला त्या दिवशी ग्रंथालयात बसून कळलं.

हा प्रकार जन्मला तेराव्या शतकात, सिसिलीत, सम्राट दुसरा फ्रेडरिक याच्या दरबारी. जनकत्वाचा मान जातो जाकोमो दा लेन्तिनीकडे. हा पेशानं नोटरी, दिवसभर दस्तऐवज लिहिणारा. दान्तेच्या महाकाव्यातही तो नुसता 'नोटरी' म्हणूनच येतो. त्याच्या एका सोनेत्तोनं मला अजून सोडलेलं नाही. देवाची सेवा करून स्वर्गात जायचं, असं त्यानं मनाशी ठरवलंय. पण प्रियेवाचून तिथं त्याला करमणार नाही. एवढ्यात आठ ओळी होतात. नववी ओळ सुरू होते 'मा' या शब्दानं. मा म्हणजे पण. पण हे मी पापाच्या हेतूनं म्हणत नाही, मला फक्त तिचा सुंदर चेहरा आणि ती मृदू नजर बघायचीय.

बरोबर बाईंच्या रेघेखाली!

सुट्टीत बाईंच्या घरी गेलो. त्या निवृत्त झाल्या होत्या. वहीत उतरवून नेलेल्या त्या चौदा ओळी मी मूळ इटालियनमध्ये वाचून दाखवल्या. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मी अर्थ सांगायला लागलो, तशी त्यांनी हातानं थांबवलं.

"पुन्हा म्हण."