आमची वाटचाल: आधी बेल्ट ओढा, मग कागद बघा

आमची फर्म दोन भागीदारांची. परदेशातून आलेली जुनी गाडी कोणी घेणार असेल, तर ती आधी तपासून द्यायची, एवढंच आमचं काम. गाडी विकत नाही, दलाली घेत नाही. एक रॅम्प, गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारा एक स्कॅनर आणि रंगाची जाडी मोजणारं मीटर घेऊन बसलो. ते मीटर आजही रोज हातात असतं. स्टील आणि अॅल्युमिनियम दोन्ही वाचणारंच घ्या. नुसत्या स्टीलचं मीटर अॅल्युमिनियमच्या बोनेटवर मुकं होतं. मूळ रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतो. २५० ते ३०० आलं की दुसऱ्यांदा रंग मारलेला, हजाराच्या पुढे गेलं की खाली खड्डे भरणारी पुट्टी. दरवाजावरच्या आकड्याने घाबरू नका, दरवाजा बदलता येतो. छत, पिलर (छत पेलणारे खांब) आणि दरवाजाच्या आतली चौकट मोजा. तिथे पुट्टी लागली तर आम्ही पुढची तपासणी करतच नाही.

तिसऱ्या वर्षी फर्म बुडता बुडता वाचली. जपानहून आलेली गाडी, लिलावाच्या कागदावर ग्रेड ४ म्हणजे चांगली, मीटरचे आकडे स्वच्छ. आम्ही पास केली. महिन्याभरात आधी काच वर-खाली होईना, मग एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला, मग एअरबॅगचा. गालिचा उचलला तर खाली गाळ. गाडी पुरात बुडालेली होती आणि कागद दुसऱ्याच गाडीचा. ग्राहकाचे पैसे आम्ही भरून दिले. विकणाऱ्याने आजवर चूक कबूल केलेली नाही. वर त्याच सुमारास एकाने आमचाच तपासणी-तक्ता छापून ‘पंधरा मिनिटांत तपासणी’ सुरू केली, आणि आमचे निम्मे ग्राहक तिकडे गेले. पंधरा मिनिटांत इंजिन धड तापतसुद्धा नाही, हे तेव्हा कोणी ऐकून घेतलं नाही.

त्या गाडीचा सीटबेल्ट आम्ही कापून ठेवला आहे. वरचा भाग नव्यासारखा, आणि रिळाजवळच्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर तपकिरी रेघ. गाडी धुणारा सगळं धुतो, पण बेल्ट शेवटपर्यंत ओढून कोणी धूत नाही. म्हणून आता पहिलं काम तेच: चारही बेल्ट पूर्ण बाहेर काढायचे. मग सीटखालचे बोल्ट गंजलेत का, स्टेपनीच्या खळग्यात गाळ आहे का, डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या कनेक्टरमध्ये हिरवट थर आहे का. सुगंधी फवारा जास्त मारलेला असेल तर गालिचा उचलल्याशिवाय हलू नका.

कागदाचं म्हणाल तर जपानी लिलावाच्या शीटवर आर किंवा आरए ग्रेड म्हणजे दुरुस्त केलेली गाडी. शीटवरच्या गाडीच्या नकाशावर डब्ल्यू म्हणजे ठोकून सरळ केलेला पत्रा, एक्सएक्स म्हणजे बदललेला. शीटची नक्कल सहज होते, म्हणून लिलावगृह, तारीख आणि लॉट नंबर घेऊन ती स्वतः पडताळा. जपानमध्ये विकलेल्या गाडीला १७ अक्षरी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, नसतो. मॉडेलचा कोड आणि पुढे अनुक्रमांक असतो, तो चेसिसवर कोरलेल्या नंबराशी अक्षर न अक्षर जुळवा. १७ अक्षरी नंबरात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. दिसली तर नंबर बनावट. रिकॉलमधली, म्हणजे दोष निघाल्यावर कंपनीने गाड्या परत बोलावून करायची दुरुस्ती खरंच केली का, हेही विचारा. टकाटा या जपानी कंपनीच्या सदोष एअरबॅग बदलायच्या राहिलेल्या गाड्या देश बदलून फिरत राहतात, आणि उष्ण-दमट हवेत त्यातला इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारा भाग) आणखी धोकादायक होतो.

किलोमीटरचं रीडिंग मागे फिरवलंय का, हे पेडलच्या रबरावरून आणि स्टीअरिंगच्या चकाकीवरून कळतं. पक्कं करायचं तर स्कॅनर लावा. बऱ्याच गाड्यांत एबीएस किंवा गिअरबॉक्सच्या मॉड्यूलमध्येही किलोमीटर नोंदलेले असतात. अमेरिकेतून आलेल्या गाडीचं रीडिंग मैलांत आहे का ते बघा, १ मैल म्हणजे १.६ किलोमीटर. स्कॅनरवर एकही फॉल्ट नाही, पण रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्या का, ते दाखवणाऱ्या नोंदी) अपूर्ण दिसतात, म्हणजे फॉल्टचे कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी नुकतीच काढलीय. शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करा.

बर्फाळ देशात रस्त्यावर मीठ टाकतात. तिथली गाडी रॅम्पवर चढवून सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन पेलणारी खालची चौकट) आणि ब्रेकचे पाइप स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. खाली ताजा काळा थर दिसला तर मी तरी तो गंज झाकायलाच मारलाय असं धरतो. हेडलाइट डाव्या वाहतुकीचे की उजव्या, तेही एकदा भिंतीवर झोत टाकून बघा.

त्या वाईट वर्षातही एक डॉक्टर मॅडम आमच्याकडे येत राहिल्या. तपासणी होईस्तोवर गाडीशेजारी उभ्या राहतात, घाई करत नाहीत. परवा त्यांची चौथी गाडी आली. छत ११०, पिलर १२०, बेल्ट कोरडे. पण बोनेटला हात लावला तर इंजिन गरम. थंड इंजिन सुरू करताना निळा धूर येतो का, टायमिंग चेन खडखडते का, हे गरम इंजिनावर कळत नाही. विकणारा कुरकुरला. गाडी रात्रभर आमच्या रॅम्पवर ठेवून घेतली आणि किल्ली आमच्याच कपाटात ठेवली.