डॉक्टरांचा दोरा

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या यंदाच्या संमेलनालाही मागच्या तीन रांगा रिकाम्याच. ग्रुपवर अंगठे टाकणारे शंभर आणि हॉलमध्ये जेमतेम साठ, असो, ज्याचं त्याला कळेल. स्वागत झालं, अहवाल झाला, हिशोबाला नेहमीप्रमाणे कुणी काही विचारलं नाही.

मी खरं तर दरवर्षी वाट बघतो ती डॉक्टरांच्या बोलण्याची. आमच्याच शाळेचे, माझ्या सहा बॅच पुढचे, डोळ्यांचे सर्जन, आता रिटायर. निम्मं भाषण मला पाठ आहे. साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, मग तीन वर्षं एमएस, आणि त्यातही आधी नुसतं तपासायचं नि पट्ट्या बदलायच्या, टाके शिकायचे ते बोकडाच्या डोळ्यावर. तेव्हा मोतीबिंदू आवरणासकट अख्खा काढायचे, क्रायोच्या, म्हणजे गोठवायच्या उपकरणाच्या, गार टोकाला गोठवून चिकटवायचा आणि हलकेच ओढायचा. आत लेन्स घालत नसत, मग पेशंटला जाडजूड चष्मा, साधारण अधिक दहा नंबरचा. त्यातून सगळं पाव पटीने मोठं दिसतं म्हणून जवळ वाटतं, आणि बाजूचं धड दिसतच नाही. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आजी आठवली. तांब्या घ्यायला जायची आणि हात अलीकडेच थांबायचा, आम्ही पोरं हसायचो तिला.

लेन्सची गोष्ट ते थोडक्यात उरकतात. रिडली नावाच्या इंग्रज डॉक्टरने बघितलं की युद्धात वैमानिकांच्या डोळ्यात गेलेले विमानाच्या काचेचे, म्हणजे प्लास्टिकचेच, तुकडे आत गुपचूप बसून राहतात, त्यावरून १९४९ मध्ये त्याने पहिली लेन्स बसवली.

यंदा डॉक्टरांनी काळ्या कागदावर टाक्याचा दोरा चिकटवून आणला होता, टेन-झीरो नायलॉन, केसापेक्षा कितीतरी बारीक. कागद रांगांमधून फिरत होता आणि ते सांगत होते की या दोऱ्याची गाठ हाताला बसायला वर्षं गेली आणि नेमकी बसली तेव्हा फेको आलं, म्हणजे अल्ट्रासाऊंडने मोतीबिंदू आतच फोडून ओढून घ्यायचा. दोनतीन मिलिमीटरची चीर, बहुतेक वेळा टाकाच नाही! मग चाळिशीनंतर स्वतःच्याच ज्युनिअरच्या शेजारी बसून पुन्हा पहिलीपासून. ते करूनच दाखवतात, खुर्चीवर बसून डावा पाय मायक्रोस्कोपच्या पेडलवर, उजवा फेकोच्या: थोडा दाबला की पाणी, अजून दाबला की ओढतं, तळाशी गेला की अल्ट्रासाऊंड, आणि दोन्ही हात हवेत. लोक हसतात. माझ्या मात्र घशाशी येतं दरवेळी, का ते नीट सांगता येणार नाही.

कागद परत आला तेव्हा दोरा नव्हताच, कुणाच्या बाहीला लागून गेला कोण जाणे. डॉक्टर म्हणाले, "जाऊ दे रे, मोतीबिंदूला आता लागतो कुठे."

आता आभार, नाहीतर फोन येतील. माईकवाले दादा, सूत्रसंचालन करणारी आमची धाकटी बॅच, आदल्या रात्री चावी घेऊन थांबलेले शिपाईमामा, प्रोजेक्टर देणाऱ्या बाई, डॉक्टरांना वेळेवर आणून सोडणाऱ्या वहिनी. कोण राहिलं? हां, खुर्च्या लावणारी दहावीची पोरं. त्या रिकाम्या तीन रांगांच्या खुर्च्यासुद्धा त्यांनीच लावल्या आणि त्यांनीच उचलल्या.