तुम्ही विचारलंत म्हणून: रॉड्रीचा हात आणि एक गुण

अंधेरीच्या स्टेडियममधून मुंबई सिटीची मॅच संपवून आझाद नगर मेट्रोकडे चालताना कोणीतरी हमखास विचारतं. ऑफिसात डबा उघडला की विचारतात, घरची मंडळीही विचारतात. "इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये 38 मॅचेस असतात. रेफरी एकदा तुमच्या विरुद्ध चुकतो, एकदा त्यांच्या. शेवटी सगळं सारखंच होतं ना? मग 2022 वरून अजून कसले भांडता?" दुसऱ्या बाजूने आमच्याच लाल जर्सीवाल्या लिव्हरपूल समर्थकांचा आग्रह असतो: "रेफरीने आपली लीग ढापली, हे एकदा स्पष्ट लिहून टाक."

दोघांनाही मी आजवर अर्धवट उत्तरं दिली आहेत. मी लिव्हरपूलच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कोणी शोधून काढल्यासारखं सांगायला नको. 2021-22 मध्ये मँचेस्टर सिटीचे 93 गुण झाले, लिव्हरपूलचे 92. भांडण त्या एका गुणाचं आहे, आणि सिटीच्या रॉड्रीच्या हाताला बॉल लागूनही न दिलेल्या एका पेनल्टीचं.

"सारखंच होतं" म्हणणारे दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरतात, नशीब आणि निर्णय. नशीब म्हणजे काय ते 2018-19 च्या सीझनमध्ये मिलिमीटरमध्ये मोजलं गेलं. 3 जानेवारी 2019, सिटीचं मैदान एतिहाद, सिटी विरुद्ध लिव्हरपूल, 0-0. लिव्हरपूलच्या सादियो मानेचा फटका पोस्टला लागला. सिटीचा स्टोन्स तो बॉल काढायला गेला, तर बॉल त्याच्याच गोलकीपरवर, एडरसनवर, आपटून पुन्हा गोलकडे निघाला आणि स्टोन्सनेच तो रेषेवरून बाहेर फेकला. पूर्ण बॉल पूर्ण रेषेपलीकडे जायला 11.7 मिलिमीटर कमी पडले, म्हणजे पाच रुपयांच्या नाण्याच्या साधारण निम्मे. सिटी 2-1 ने जिंकली. त्याच वर्षी 28 एप्रिलला बर्नलीत सिटीच्या अग्वेरोचा बॉल रेषेपलीकडे गेला 29.5 मिलिमीटर, आणि सिटी 1-0 ने जिंकली. सीझन संपला 98 विरुद्ध 97 वर.

या दोन्ही वेळा कोणीही चुकलं नाही. प्रत्येक गोलवर सात कॅमेरे असतात. ते बॉलची जागा ठरवतात आणि सेकंदाच्या आत रेफरीच्या घड्याळावर खूण येते. दोन्ही संघांना तीच रेषा आणि तेच यंत्र. त्या 11.7 मिलिमीटरचं मला आजही वाईट वाटतं, पण तक्रार नाही. यंत्र कधीच फसत नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. 17 जून 2020 ला अॅस्टन व्हिला-शेफील्ड युनायटेड सामन्यात व्हिलाचा गोलकीपर बॉल घेऊन रेषेच्या आत गेला, आणि खेळाडू व पोस्ट आड आल्यामुळे सातही कॅमेऱ्यांना बॉल नीट दिसला नाही. गोल दिला गेला नाही, मॅच 0-0 सुटली. व्हिला त्या वर्षी खालच्या लीगमध्ये जाण्यापासून एका गुणाने वाचली आणि बोर्नमथ खाली गेली. पण तो यंत्रातला बिघाड होता आणि कंपनीने तो कबूलही केला.

26 फेब्रुवारी 2022 ला एव्हर्टनच्या गुडिसन पार्कवर झालं ते या दोन्हींत बसत नाही.

एव्हर्टन विरुद्ध सिटी, आपल्याकडे रात्री 11 ला सुरू झालेली मॅच. 82 व्या मिनिटाला सिटीच्या फोडेनचा गोल, 0-1. त्यानंतर थोड्याच वेळात सिटीच्या पेनल्टी एरियात वरून आलेला बॉल रॉड्रीच्या हातावर पडला. हात शरीरापासून सुटलेला होता. रेफरी पॉल टिअर्नीने शिट्टी वाजवली नाही. लंडनच्या स्टॉकली पार्कमध्ये व्हीएआरच्या, म्हणजे व्हिडिओ पाहून मैदानावरच्या रेफरीला मदत करणाऱ्याच्या, खुर्चीत ख्रिस कॅव्हनाह होता. त्याने बराच वेळ पाहिलं आणि मैदानावरचा निर्णय कायम ठेवला, कारण बॉल हँडबॉल ठरणाऱ्या भागालाच लागला याचा निर्णायक पुरावा त्याला दिसला नाही.

इथे लोक म्हणतात, "बाहीला लागला." बाहीचा इथे संबंध नाही. 2020-21 च्या नियमांपासून खांदा कुठे संपतो आणि हात कुठे सुरू होतो याची हद्द ठरलेली आहे: काखेचा तळ. फुल बाही घातली म्हणून हात खांदा होत नाही. त्या हद्दीच्या खाली बॉल लागला की पुढचा प्रश्न येतो. मुद्दाम लावला का, किंवा हाताने शरीर अनैसर्गिकपणे मोठं झालं का? दोन्हींपैकी एकाचं उत्तर हो आलं तरी फाऊल. स्वतःच्या पेनल्टी एरियात असेल तर पेनल्टी. रॉड्रीचा हात सुटलेला होता, त्यामुळे दुसऱ्या पायरीवर फारसं भांडण नव्हतंच. सगळं पहिल्या पायरीवर अडलं.

ते तिथेच का अडलं, हे समजून घ्या. ऑफसाइडसाठी पडद्यावर रेषा ओढता येते, गोलसाठी घड्याळावर खूण येते. काखेच्या तळाला रेषा ओढणारं कोणतंही यंत्र तेव्हा त्या खोलीत नव्हतं. होते ते कॅमेऱ्यांचे कोन आणि माणसाचा डोळा. त्यात कार्यपद्धती अशी की बॉल नेमका कुठे लागला हे पाहायला स्लो मोशन चालतं, पण हँडबॉलचा गुन्हा झाला का हे नेहमीच्या वेगात पाहून ठरवायचं. म्हणजे एकाच घटनेचे दोन तुकडे दोन वेगांत बघायचे. त्यावर "स्पष्ट आणि उघड चूक" ही अट. व्हीएआरने स्वतःला विचारायचं असतं की मैदानावरचा निर्णय उघडउघड चुकीचा आहे का. यात मैदानावरच्या निर्णयाचं वजन फार मोठं ठरतं. टिअर्नीने पेनल्टी दिली असती तर त्याच कॅमेऱ्यांसमोर बसून कॅव्हनाहने ती रद्द केली नसती, असं माझं ठाम मत आहे. चित्र तेच राहतं, पण आधी शिट्टी वाजली की नाही यावर उत्तर उलटं होतं.

पण एक दार उघडं होतं. कार्यपद्धतीत "सुटून गेलेली गंभीर घटना" अशीही सोय आहे. रेफरीने बॉल हाताला लागलेला पाहिलाच नसेल, तर कायम ठेवण्यासारखा निर्णय त्याने घेतलेलाच नसतो. अशा वेळी त्याला मैदानाच्या कडेच्या मॉनिटरकडे पाठवता येतं, आणि वाटलं तर रेफरी स्वतःहूनही रिव्ह्यू मागू शकतो. टिअर्नी मॉनिटरकडे गेला नाही. माझी खरी तक्रार इथे आहे. डोळा चुकतो, ते मी मान्य करतो. मैदानाच्या मधून 25 मीटरवर, मध्ये चार माणसं असताना बॉल दंडाला लागला की खांद्याला, हे कूपरेजवर रविवारच्या मॅचला शिट्टी फुंकणाऱ्या माणसालाही कळणार नाही, आणि त्याच्याकडे तर मॉनिटरही नसतो. पण दुसऱ्यांदा पाहायची सोय समोर असताना न पाहणं, याला डोळ्याची चूक म्हणता येत नाही.

पुढे इंग्लंडच्या रेफरींचा प्रमुख माइक रायली याने एव्हर्टनचा कोच लँपार्ड आणि चेअरमन केनराइट यांना फोन करून माफी मागितली. माफी एव्हर्टनची मागितली, आणि ते बरोबरच होतं. आपण मुंबईत बसून चार वर्षं लिव्हरपूलचा गुण मोजतोय, पण त्या रात्री ज्यांचं नुकसान झालं ते खाली जायच्या भीतीत होते. 39 गुणांवर ते वाचले. एव्हर्टन बुडाली असती तर ही पेनल्टी वेगळ्याच कारणासाठी लक्षात राहिली असती.

आता तो हिशोब. 2022 च्या मे महिन्यात मी स्वतः तो मांडून दाखवायचो: पेनल्टी, गोल, 1-1, सिटीचे दोन गुण गेले, 93 चे 91 झाले, लिव्हरपूल 92, विषय संपला. तो हिशोब मी आता मांडत नाही. पेनल्टी म्हणजे गोल नव्हे. चारांत साधारण तीन जातात, एक राहते. 1-1 झालं असतं तरी भरपाईच्या वेळेसह काही मिनिटं उरली होती आणि सिटीकडे बॉल ठेवण्याची ताकद होती. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्यानंतरच्या मॅचेस तशाच झाल्या असत्या, हे कशावरून? शेवटच्या दिवशी सिटी 90 आणि लिव्हरपूल 89 वर होते. दोन गुण कमी असते तर सिटी 88 वर, म्हणजे मागे. मागे असलेला संघ वेगळी टीम उतरवतो, वेगळा धोका पत्करतो. त्या दिवशी सिटी घरच्या मैदानावर व्हिलाविरुद्ध 0-2 ने मागे होती आणि 76 ते 81 या मिनिटांत तीन गोल झाले. मधला, 78 व्या मिनिटाचा, रॉड्रीचा होता. तो गोल पाहताना मला त्याचा हात आठवला, हे मी नाकारत नाही. पण फेब्रुवारीतला एक निर्णय बदलून मे महिना जसाच्या तसा ठेवणं हे गणितात बसत नाही.

मग त्या वेळचा मी म्हणतो, "म्हणजे फरक पडलाच नाही?" पडला. किती, ते आकड्यात सांगता येत नाही, एवढंच. चारांत तीन ही शक्यता एव्हर्टनकडून काढून घेतली गेली, हे खरंच आहे.

"सारखंच होतं"वाल्यांचं गणितही तपासायला हवं. 38 वेळा नाणं उडवा. बरोबर 19 छापा आणि 19 काटा पडण्याची शक्यता सुमारे 13 टक्के. म्हणजे रेफरी पूर्ण प्रामाणिक असला, चुका दोन्हीकडे सारख्याच होण्यासारख्या असल्या, तरी एका सीझनमध्ये त्या तंतोतंत फिटणं हीच दुर्मीळ गोष्ट आहे. शिवाय सगळ्या चुकांचं वजन सारखं नसतं. 4-0 असताना चुकीचा थ्रो-इन दिला तर कोणाला आठवतही नाही. 0-1 असताना शेवटच्या दहा मिनिटांतली पेनल्टी वेगळी. वीस वर्षांत कदाचित सगळं फिटत असेल. ट्रॉफी दर वर्षी देतात.

आपल्या घरचं उदाहरण घ्या. 15 एप्रिल 2024, कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम. मुंबई सिटीला लीग शील्डसाठी, म्हणजे गुणतक्त्यात पहिलं येण्यासाठी, फक्त बरोबरी हवी होती. मोहन बागान 2-1 ने जिंकले, 48 विरुद्ध 47. आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) तेव्हा व्हीएआर नव्हतं, त्यामुळे रेफरीवर खापर फोडणं सोपं होतं आणि अनेकांनी फोडलं. माझ्या मते ती मॅच मुंबईने मैदानावर हरली. 80 व्या मिनिटाला बागानच्या कमिंग्जने दुसरा गोल केला आणि मुंबईच्या छांगटेचा गोल 89 व्या मिनिटाला आला, तोवर वेळ संपत आला होता. एक गुण हा रेफरीचा पुरावा होत नाही. तो फक्त आपल्याला पुरावा शोधायला लावतो.

आता माझ्या विरुद्धची बाजू. मुंबईत आकाशी जर्सीवाले खूप आहेत. मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या ग्रुपने 2019 मध्ये मुंबई सिटीत मोठा हिस्सा घेतला (2025 मध्ये तो सोडला), तेव्हापासून दोन्ही क्लब आपलेच मानणारी पोरं अंधेरीत दिसतात. ती मला एकच तारीख ऐकवतात: 3 ऑक्टोबर 2021, लिव्हरपूलचं मैदान अॅनफिल्ड, पुन्हा लिव्हरपूल विरुद्ध सिटी. स्कोअर 1-1. लिव्हरपूलच्या मिल्नरला एक पिवळं कार्ड मिळालेलं होतं आणि त्याने सिटीच्या बर्नार्डो सिल्वाला पाडलं. दुसरं पिवळं, म्हणजे मैदानाबाहेर, द्यायलाच हवं होतं. रेफरीने दिलं नाही. दुसरं पिवळं कार्ड व्हीएआरच्या कक्षेत नव्हतं, त्यामुळे स्टॉकली पार्कमधून कोणी काही करूच शकत नव्हतं. पाठोपाठ 76 व्या मिनिटाला लिव्हरपूलच्या सालाहचा तो गोल झाला, मग सिटीच्या डी ब्रुइनाने बरोबरी केली आणि मॅच 2-2 सुटली. रेफरी होता पॉल टिअर्नी.

हाच टिअर्नी. गुडिसनवरच्या टिअर्नीबद्दल मी जे बोलतो ते अॅनफिल्डवरच्या टिअर्नीबद्दल त्याच आवाजात बोलत नाही, आणि त्या पोरांनी हे बरोबर पकडलं आहे. मी उत्तर देतो की तिथे मॉनिटर नव्हता, दुसऱ्यांदा पाहायची सोय नव्हती, म्हणून ती चूक वेगळी. नियमाच्या दृष्टीने हे उत्तर बरोबर आहे. पण बर्नार्डो सिल्वाला पाडलं तेव्हा 1-1 होते. मिल्नर तेव्हाच बाहेर गेला असता तर उरलेली मॅच लिव्हरपूलला दहा जणांनी काढायची होती. सालाहने तीन-चार जणांतून काढलेला तो गोल दहा जणांच्या संघातून झाला असता का, असं ती विचारतात. हो म्हणायची मला फार इच्छा आहे, आणि म्हणूनच माझ्या "हो"वर माझाच विश्वास बसत नाही.